फौज त्यांची, खाते आपले

सावदा, फैजपूर, यावल हा तापीच्या उत्तरेचा पट्टा आज केळीमुळे ओळखला जातो. १८५२ साली या भागात मोजणीची साखळी आली आणि गावे बिथरली. नवी मोजणी म्हणजे नवा आकार आणि नवा आकार म्हणजे जास्त सारा, असा लोकांचा सरळ हिशेब होता. शेतकरी जमले, मोजणीवाल्यांना काम करू देईनात. तिकडे एरंडोलकडेही तीच गत. सरकारने फौज बोलावली, पुढाऱ्यांना धरले आणि साखळी पुन्हा शेतांतून फिरू लागली. इतिहासात या प्रकरणाला चार ओळी मिळतात. पण त्या चार ओळींत एक हिशेब दडलेला आहे: सारा ठरवणाऱ्यांच्या पाठीशी जी फौज उभी राहिली, तिचा पगार त्याच साऱ्यातून निघत होता.

फौज कोणी पोसायची हा प्रश्न इंग्रजांनी आणलेला नाही. पेशवाईत तर तो रोजचाच होता. शिलेदाराला मोहिमेपूर्वी नालबंदी, म्हणजे तयारीची उचल, द्यायची, पुढे तैनातीप्रमाणे पगार. आणि तो पगार तटला की शिपाई सरदाराच्याच दारात धरणे धरून बसायचे. अन्नपाणी अडवायचे, बाहेर पडू द्यायचे नाहीत. खानदेशात शेवटच्या काळात गढ्याकिल्ल्यांवर अरबांची शिबंदी, म्हणजे पगारी पहाऱ्याची फौज, होती. पैसा देईल तो धनी, आणि पैसा थकला की गढीच तारण. १८१८ च्या उन्हाळ्यात मालेगावच्या किल्ल्यासाठी कंपनीच्या फौजेला जवळजवळ महिनाभर झुंजावे लागले ते याच अरबांशी. पेशवाई तोवर बुडालेली होती, पण शिबंदी जागची हलली नव्हती.

कंपनीने या जुन्या व्यवहाराला एक नवी कलाटणी दिली. फौज आमची, अंमलदार आमचे, हुकूम आमचा, खर्च मात्र तुमचा. १८०२ च्या वसईच्या तहात बाजीरावाने सहा पलटणींची तैनाती फौज पत्करली आणि तिच्या खर्चासाठी २६ लाख उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला. यातली मेख मुलखात आहे. रोख पैसा थकवता येतो, त्यावर घासाघीस करता येते, शिपाई धरणे धरू शकतात. मुलूख एकदा हातचा गेला की पुढे भांडायला काही उरत नाही. तैनाती फौजेचे तह वाचताना फौजेच्या कलमापेक्षा खर्चाचे कलम आधी वाचावे, असे माझे मत आहे. राज्ये लढाईत गेली तेवढीच त्या कलमातही गेली.

याचा सगळ्यात बोलका दाखला खानदेशाच्या शिवेला लागूनच आहे. मुक्ताईनगर ओलांडून मलकापूरकडे निघालात की वऱ्हाड लागते. वऱ्हाड इंग्रजांनी जिंकून घेतले नाही. ते एका थकबाकीपोटी त्यांच्या हाती आले.

निजामाने १८०० च्या तहात कबूल केले होते की लढाई उभी राहिली तर आपण सहा हजार पायदळ आणि नऊ हजार घोडदळ देऊ. अट युद्धकाळाची होती. हैदराबादच्या रेसिडेंटांनी तिचे रूपांतर बारमाही फौजेत केले. इंग्रज अंमलदारांच्या हाताखालची ही फौज म्हणजे हैदराबाद कंटिंजंट. तिचा खर्च निजामाने द्यायचा, पण तिच्यावर हुकमत निजामाची नाही. अंमलदार भरपूर, त्यांचे पगार आणि भत्ते तगडे, आणि पैसे महिन्याच्या महिन्याला हवेत. दरबाराचा महसूल मात्र हंगामाप्रमाणे, तालुकदारांच्या मर्जीने यायचा. मग सावकाराकडून उचल. ते व्याज फिटेना, की कंपनीच्या खजिन्यातून उचल. त्या उचलीवर पुन्हा व्याज. १८५३ पर्यंत ही बाकी चाळीस लाखांच्या वर गेली. निजामाच्या बाजूचाही एक दावा होता. सिकंदराबाद आणि जालन्याच्या छावण्यांत दारूच्या अबकारीचे उत्पन्न इंग्रज वर्षानुवर्षे घेत होते, ते आमच्या खात्यात जमा धरा. तो दावा ऐकला गेला नाही. गंमत अशी की शांततेच्या काळात एवढी फौज पोसायला निजाम तहाने बांधलेला नाही, हे खुद्द डलहौसीने आपल्या लेखी टिपणात मान्य केलेले होते. पण मान्य करणे वेगळे आणि सोडून देणे वेगळे. २१ मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड, धाराशिवचा भाग आणि रायचूर दुआब कंटिंजंटच्या खर्चासाठी इंग्रजांच्या व्यवस्थेखाली गेले. १८६० मध्ये धाराशिव आणि रायचूर परत मिळाले, सुमारे ५० लाखांचे कर्जही रद्द झाले. वऱ्हाड परत आले नाही. काळ्या कापसाच्या जमिनीचा मोह सहजी सुटणारा नव्हता. १९०२ मध्ये कर्झनने वऱ्हाड सालीना २५ लाखांच्या खंडावर कायमचे लिहून घेतले, आणि ज्या कंटिंजंटसाठी हा सगळा उपद्व्याप झाला ती लवकरच हिंदुस्थानी लष्करात विरूनही गेली. २५ लाख हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

खानदेशात तर मुलूख सगळा कंपनीचाच झालेला, त्यामुळे खर्च दुसऱ्याच्या माथी मारायची सोय नव्हती. इथे काटकसर वेगळ्या वाटेने आली. सातपुड्यात आणि सातमाळ्यात भिल्लांच्या टोळ्यांमागे नियमित पलटणी धाडून पाहिल्या. डोंगरात रसद पोचेना आणि हिवतापाने शिपाई लोळायला लागले. गोळीने माणूस पडण्याआधी तापाने पडायचा. दवाखान्यातल्या शिपायाचा पगारही चालूच. एल्फिन्स्टनच्या धोरणाने १८२५ मध्ये खानदेशचे तीन भिल्ल एजन्सींत वाटप झाले आणि आउट्रम या इंग्रज अंमलदाराने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली. ज्यांच्यावर चाल करून गेला त्यांच्यातूनच त्याने पहिली माणसे घेतली, त्यांच्याबरोबर शिकार केली, जेवला. हे किस्से आवडीने सांगतात. त्यामागचा जमाखर्च कमी सांगतात. भिल्ल शिपायाला डोंगराची हवा बाधत नव्हती, तंबू आणि बैलगाड्यांचा लवाजमा लागत नव्हता, आणि खजिन्याचे, तुरुंगाचे पहारे त्याच्याकडे गेले की महागडी नियमित तुकडी मोकळी व्हायची. साम्राज्याला स्वस्तात पडणारा शिपाई नेहमी स्थानिकच असतो. अर्थात स्वस्त शिपायाचीही एक जोखीम असते. सेंधवा घाटाची राखण करणारा खाज्या नाईक १८५७ मध्ये उलटला, आग्रा रस्त्याने निघालेला सरकारी खजिना त्याने लुटला, आणि एप्रिल १८५८ मध्ये आंबापाणीला त्याच्या माणसांशी मोठी लढाई झाली.

१८५७ च्या बंडाने सगळ्या देशाच्या फौजेचे गणित फिरले. फौजेच्या फेररचनेसाठी बसलेल्या पील आयोगाने १८५९ मध्ये सल्ला दिला की बंगालमध्ये दोन हिंदी शिपायांमागे एक गोरा ठेवा, मुंबई-मद्रासेत तीनांमागे एक. हा सल्ला राजकीय होता, त्याचे बिल मात्र आर्थिक. एक गोरा सोल्जर हिंदी शिपायाच्या तिप्पट-चौपट महाग पडायचा. हिंदी पायदळ शिपायाला १८९५ पर्यंत महिना ७ रुपये मिळत, मग ९ झाले, १९११ मध्ये ११. गोऱ्याचा पगार, कपडा, बराक, दवाखाना, बायकापोरे, पेन्शन हे सगळे वेगळ्या मापाचे. आणि त्याच्या पाठीला आणखी एक रक्कम चिकटलेली होती, जिच्यावर विलायत आणि कलकत्ता सत्तर-पंचाहत्तर वर्षे भांडत राहिले.

तिचे नाव कॅपिटेशन. म्हणजे डोईपट्टी. विलायतेतल्या डेपोत एक पोरगा भरती केला, त्याला कवायत, नेमबाजी शिकवली, खाऊपिऊ घातले, मग तो हिंदुस्थानात पाठवला. त्याच्या तयारीचा खर्च कोणाचा? ब्रिटिश युद्धखाते म्हणे, वापरतो त्याचा. हिंदुस्थान सरकार म्हणे, तो तुमचाही शिपाई आहे, इथली मुदत संपवून तुमच्याच राखीव दलात जाणार आहे, मग सगळा खर्च आमच्यावर का? १८६१ मध्ये डोईमागे १० पौंडांचा ठोक दर ठरला. १८७० पासून प्रत्यक्ष खर्च मोजायचा प्रयत्न झाला. तो फसला, कारण कुठला खर्च 'हिंदुस्थानासाठी' आणि कुठला 'एरवीही झालाच असता' हे ठरवणारी वही एकाच पक्षाच्या हातात होती. त्यात ब्रिटिश युद्धमंत्री कार्डवेलने दीर्घ नोकरी मोडून अल्प मुदतीची नोकरी आणली. उद्देश असा की विलायतेत राखीव फौज साठावी. परिणाम असा की हिंदुस्थानात सोल्जर टिकेना. दर काही वर्षांनी नवा शिकवा, नवा आणा, जुना परत पाठवा. सुधारणा त्यांची, जहाजभाडे आपले. युफ्रेटिस, सेरापिस, क्रोकोडाइल, जमना, मलबार या पाच फौजी जहाजांचा भार हिंदुस्थानच्या तिजोरीवर होता.

हिवाळ्यात मुंबईला उतरलेल्या पलटणी देवळालीच्या छावणीत थांबायच्या आणि मग चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ करत उत्तरेला किंवा नागपूरकडे निघायच्या. देवळालीत परतीच्या जहाजाची वाट बघून कंटाळलेल्या सोल्जरांनी त्या गावाच्या नावावरून वेड लागण्याला 'डूलाली' असा एक शब्दच बनवून टाकला, तो इंग्रजीत अजून आहे. भुसावळच्या फलाटावरून दर हंगामात अशा गाड्या जात. आत बसलेल्या प्रत्येक डोक्यामागे किती पडते, हे फलाटावरच्या माणसाला कुठे ठाऊक असणार?

तर करून पाहू. १८९० मध्ये दर साडेसात पौंडांवर आला. सुमारे ७५ हजार गोरे सोल्जर धरा. साडेसातने गुणले की ५ लाख ६२ हजार ५०० पौंड. रुपया दोन शिलिंगांचा होता तेव्हा पौंडाला १० रुपये पडत. म्हणजे ५६ लाख २५ हजार रुपये. पण चांदी घसरली, तसा रुपयाही घसरला आणि १८९९ मध्ये एक शिलिंग चार पेन्सवर बांधला गेला. आता पौंडाला १५ रुपये. तीच रक्कम ८४ लाख ३७ हजार ५००. फरक २८ लाखांचा. एक सोल्जर वाढला नाही, एक बंदूक वाढली नाही, आणि वऱ्हाडच्या वर्षभराच्या खंडापेक्षा जास्त पैसा नुसत्या हुंडणावळीत, म्हणजे चलनाच्या दरात, गेला. हा एका बाबीचा हिशेब. पेन्शनी, रजेचे पगार, दारूगोळा, कापडचोपड हे सगळे पौंडातच द्यायचे होते. पुढे १९०८ मध्ये दर ११ पौंड ८ शिलिंग झाला, पहिल्या महायुद्धानंतर २५ पौंड.

दुसरे भांडण ही फौज देशाबाहेर गेली की उभे राहायचे. कंपनीकडून राज्य राणीकडे नेणाऱ्या १८५८ च्या कायद्याच्या ५५ व्या कलमात स्पष्ट लिहिलेले होते की आक्रमण परतवणे किंवा अचानक उद्भवलेली निकड सोडल्यास, हिंदुस्थानच्या सरहद्दीबाहेरच्या मोहिमेचा खर्च पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांच्या संमतीशिवाय हिंदुस्थानच्या महसुलातून करू नये. कलम चांगले होते. पण ते संमती घ्या एवढेच म्हणत होते. आणि संमती देणारे कोण, तर ज्यांचा पैसा वाचणार होता तेच.

युक्तिवाद ठरलेला असायचा. शेतात रखवालदार ठेवला आहे, त्याला वर्षाचे धान्य द्यायचे ठरलेले आहे. शेजाऱ्याने त्याला चार महिने आपल्या शेतावर नेला. धान्य कोणी द्यायचे? शेजारी म्हणतो, तुम्ही त्याला धान्य देणारच होता ना, मग ते तुम्हीच द्या; चार महिन्यांची जादा भाकरी मी देतो. सरकारी भाषेत याला साधारण खर्च आणि असाधारण खर्च म्हणत. १८६७ ची अबिसीनियाची मोहीम या सूत्रावर झाली. १८७८ मध्ये फौज माल्टाला नेली तेव्हा बोभाटा एवढा झाला की विलायतेने सगळा खर्च उचलला. १८८२ मध्ये इजिप्तला मात्र हिंदुस्थानावर पुन्हा बोजा आला. १८९६ मध्ये सुदानातल्या सुआकिन बंदराला फौज गेली तेव्हा तर खुद्द व्हाइसरॉय एल्गिनच्या सरकारने विरोध कळवला होता, तो बाजूला ठेवला गेला. दुसऱ्या अफगाण युद्धासाठी पंतप्रधान ग्लॅडस्टनच्या सरकारने ५० लाख पौंड दिले. एकूण खर्च त्याच्या चौपटीहून जास्त होता. रखवालदार चार महिने नसताना शेत राखले गेले असेल, तर तो बारमाही ठेवायची गरजच काय होती, हा साधा प्रश्न हिंदी पुढारी पुन्हा पुन्हा विचारत राहिले. त्याला उत्तर आले नाही, कारण खरे उत्तर हेच होते की तो दोन्ही शेतांसाठी ठेवलेला आहे. १८६७ मध्ये तुर्कस्तानच्या सुलतानासाठी लंडनला इंडिया ऑफिसमध्ये नाचाची मेजवानी झाली, तिचेही बिल हिंदुस्थानच्या नावे फाडले गेले. आयजीच्या जिवावर बायजी उदार, दुसरे काय.

त्याच काळात गोऱ्यांच्या वसाहतींत हाच वाद कसा सुटला, ते पाहण्यासारखे आहे. ऑस्ट्रेलियाच्या वसाहतींकडून १८६३ पासून जादा ठेवलेल्या पायदळ सोल्जरामागे ४० पौंड मागितले गेले. न्यूझीलंडमध्ये माओरींशी युद्ध चालू असताना सेनापती आणि वसाहतीचे मंत्री यांचे पटेना. खर्च आम्ही द्यायचा तर फौज आमच्या म्हणण्याने का चालत नाही, हा त्यांचा सवाल. शेवटी वेल्डच्या मंत्रिमंडळाने १८६४ मध्ये सांगितले की तुमची फौज न्या, आमचे आम्ही बघू. १८७० पर्यंत शेवटची पलटण परतली. कॅनडातूनही हॅलिफॅक्सचे नाविक ठाणे सोडून फौज निघाली. ज्यांच्याकडे स्वतःची विधानसभा होती ते 'नको' म्हणू शकले. श्रीलंकेत कायदेमंडळातल्या बिनसरकारी सभासदांनी १८६४ मध्ये लष्करी खर्चावरून राजीनामे दिले, पण फौज राहिली आणि खर्चही राहिला. हिंदुस्थानात तर राजीनामा देण्याइतपतही खुर्ची नव्हती.

खुर्ची नव्हती म्हणून आकडे हाती घेतले. १८८५ च्या पहिल्याच काँग्रेसमध्ये लष्करी खर्चाची वाढ अनावश्यक आहे, असा ठराव झाला. त्याच वर्षी रशियाच्या भीतीने सुमारे ३० हजारांची फौजवाढ ठरलेली होती. दादाभाई, वाच्छा आणि गोखले यांनी हा विषय इतका बारकाईने लढवला की आज वाचतानाही धाप लागते. १८९५ मध्ये हिंदुस्थानचा खर्च तपासायला वेल्बी आयोग नेमला गेला. दादाभाई त्यात सभासद होते, गोखले १८९७ मध्ये साक्षीला गेले. बहुमताच्या अहवालाने एडनच्या फौजेचा आणि सैनिकांच्या वाहतुकीचा काही भार विलायतेने घ्यावा म्हटले. दादाभाई, वेडरबर्न आणि केन यांनी वेगळे मत लिहिले. पाच वर्षांच्या खटाटोपातून पदरात पडले ते ताकातले लोणी. पण माझ्या मते त्यातून एक गोष्ट कायमची झाली: फौजेचा खर्च हा राजनिष्ठेचा विषय नसून वाटणीचा विषय आहे, हे सरकारी कागदावर आले.

पुढचे पटापट सांगतो. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थान सरकारने १० कोटी पौंडांची 'देणगी' दिली; देणाऱ्याला विचारले गेले नव्हते. १९३१ च्या कराची काँग्रेसने लष्करी खर्च निदान निम्म्यावर आणा म्हटले. १९३३ मध्ये याच डोईपट्टीच्या वादावर बसलेल्या गॅरन लवादाच्या निकालाने विलायतेने पहिल्यांदा ठोक वाटा कबूल केला, वर्षाला १५ लाख पौंड. कारण दिले की ही फौज पूर्वेत साम्राज्याच्या कामाला तत्काळ उपलब्ध असते आणि ब्रिटिश सैन्याला इथे प्रत्यक्ष शिक्षण मिळते. दादाभाई हेच तर म्हणत होते. त्या वेळच्या दराने १५ लाख पौंड म्हणजे २ कोटी रुपये, आणि संरक्षणाचा वार्षिक खर्च ४५ कोटींच्या पुढे.

डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेस भरली. खेड्यात भरलेली ही पहिली. १८५२ च्या मोजणीचे तेच फैजपूर. तिथल्या ठरावांत एक युद्धाच्या धोक्यावर होता: साम्राज्याच्या युद्धात हिंदुस्थानची माणसे आणि साधने वापरू दिली जाणार नाहीत. चौऱ्याऐंशी वर्षांपूर्वी त्या पट्ट्यातले लोक मोजणीच्या साखळीवर अडून बसले होते, आता अडत होते ते फौजेच्याच प्रश्नावर.

तीन वर्षांत युद्ध आले आणि ठराव बाजूला राहिला. या वेळी मात्र वाटणीचा करार हिंदुस्थानच्या बाजूने बरा होता. शांततेतला नेहमीचा खर्च आणि निव्वळ हिंदुस्थानच्या संरक्षणाचा खर्च आपला, बाहेर गेलेल्या फौजेसाठी ठोक १ कोटी रुपये, बाकी विलायतेचे. फक्त विलायतेने ते पैसे रोख दिले नाहीत, लंडनच्या वहीत स्टर्लिंगमध्ये जमा केले. इथे शिपायाला, ठेकेदाराला, धान्य विकणाऱ्याला रुपये द्यायचे होते, म्हणून नोटा छापल्या. चलनातल्या नोटा १९३९ मध्ये १८० कोटींच्या आसपास होत्या, युद्ध संपेपर्यंत सहापट झाल्या. कागदावर हिंदुस्थान सावकार झाला आणि जळगावच्या बाजारात धोतरजोडी मिळेनाशी झाली. लंडनच्या वहीतली जमा सुमारे १३० कोटी पौंडांवर गेली. चर्चिलला ती खुपत होती. आम्ही तुमचे रक्षण केले, त्याचा प्रतिदावा लावू, अशी त्याची भाषा.

१९४८ च्या जुलैमध्ये या जमेचा हिशेब करायला बैठक बसली. सोळा कोटी ऐंशी लाख पौंड सेवानिवृत्त इंग्रज अधिकाऱ्यांच्या पेन्शनींची तजवीज म्हणून वळते झाले. आणि १० कोटी पौंड, म्हणजे १३३ कोटी रुपये, गेले ते फौज जाताना मागे राहिलेल्या सामानासाठी. ट्रक, तंबू, डेपो, बराकी. ते आपण त्यांच्याकडून विकत घेतले.